कंट्रोल ग्रुपची साखर कोणी उतरवली?

या वेळी एकच ट्रायल घेतेय, पण ती शेवटपर्यंत वाचायची. नाव 'मोबाइल'. जून २०२१ मध्ये ती 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली. विषय आहे अंगावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर, ज्याला आपण सगळे सीजीएम म्हणतो. पेट झाली, गाइड मिळाले, आता "सीजीएमवर काहीतरी करू" असं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हा पेपर वाचलेला असतो. निदान त्याचा गोषवारा तरी. आणि मग प्रपोजलच्या दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य येतं: 'सेन्सर वापरल्याने एचबीए१सी १.१ टक्क्याने कमी होते.' हे वाक्य चूक आहे. कसं ते बघू.

आधी यंत्र थोडक्यात. त्वचेखाली केसासारखी बारीक तार जाते. ती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजते. त्यामुळे साखर झपाट्याने चढत-उतरत असेल तर आकडा पाच-दहा मिनिटं मागे चालतो. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली तर दिवसाला २८८ नोंदी होतात. बोट टोचून दिवसातून दोनदा बघणाऱ्याला दोनच मिळतात. हा फरक प्रचंड आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो या नोंदींनी माणसाचं नेमकं किती भलं झालं, यावर.

'मोबाइल'मध्ये टाइप २ डायबेटीसचे १७५ लोक होते. दिवसातून एक-दोनदा घ्यायचं बेसल इन्सुलिन चालू, जेवणाआधीचं नाही. अमेरिकेतल्या १५ केंद्रांवर हे काम झालं. ११६ जणांना सेन्सर आणि ५९ जणांना नेहमीचा ग्लुकोमीटर, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. आठ महिन्यांनी सेन्सरवाल्यांचं एचबीए१सी ९.१ वरून ८.० वर आलं. १.१ चा आकडा इथूनच उचलला जातो.

आता शेजारचा कॉलम वाचा. ग्लुकोमीटरवाल्यांचं ९.० वरून ८.४ वर आलं. सेन्सर नाही, अलार्म नाही, मोबाइलवर आलेख नाही, आणि तरी ०.६ ची घट. बाकीच्या गोष्टी हिशेबात घेऊन दोन गटांतला फरक उरला ०.४ टक्के, आणि त्याची विश्वासार्हता मर्यादा ०.१ पासून ०.८ पर्यंत. म्हणजे जे १.१ आपण सेन्सरच्या नावावर जमा करतो, त्यातलं अर्ध्याहून जास्त सेन्सरशिवायही झालं असतं.

मग कंट्रोल ग्रुपची साखर कोणी उतरवली? पहिलं उत्तर निवडीत आहे. ट्रायलमध्ये घ्यायची अट होती एचबीए१सी ७.८ ते ११.५. लोक जेव्हा वर होते तेव्हाच त्यांना पकडलं. वरच्या टोकाला सापडलेला माणूस पुढच्या वेळी मोजला की थोडा खाली दिसतोच, काही केलं नाही तरी. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि संख्याशास्त्राच्या पेपरात आपण सगळे त्याची व्याख्या लिहून पाच मार्क घेऊन मोकळे होतो. दुसरं, कोणीतरी विचारपूस करत होतं. भेटी ठरलेल्या, फोन ठरलेले, स्ट्रिप्स हातात, आणि उपचार कसा बदलावा याबद्दल नेहमीच्या डॉक्टरला तज्ज्ञांचा सल्ला. सरकारी ओपीडीत दीड मिनिटात बाहेर येणाऱ्या पेशंटला यातलं निम्मं जरी मिळालं तरी आकडा हलेल.

हे एवढं का ताणतेय? कारण आपल्याकडे एकाच गटाचे अभ्यास फार होतात. क्लिनिकमध्ये आलेल्या पेशंटना सेन्सर लावला, तीन महिन्यांनी एचबीए१सी मोजलं, घटलं, पी व्हॅल्यू लहान, पोस्टर तयार. 'मोबाइल'मधून कंट्रोल ग्रुप काढून टाका, तोही असाच दिसेल: १.१ ची घट, झकास. असला पेपर वाचताना पेन्सिलने कडेला एक रिकामा कॉलम काढायचा आणि त्यात ०.६ लिहायचं. आकडा तंतोतंत लागू पडणार नाही, पण डोकं जागेवर राहतं.

ट्रायल वाईट आहे असं मात्र अजिबात नाही. उलट शिकण्यासारखं बरंच आहे. १७५ पैकी १६५ लोक शेवटपर्यंत टिकले. निम्म्याहून जास्त लोक अमेरिकेतल्या अल्पसंख्याक समाजांतले होते, जे अशा अभ्यासांत सहसा नसतात. कंट्रोल ग्रुपलाही मधूनमधून सेन्सर लावला होता, पण आकडे झाकलेले. त्यामुळे 'टाइम इन रेंज', म्हणजे साखर ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ, दोन्हीकडे एकाच यंत्राने मोजला गेला. तो निघाला ५९ टक्के विरुद्ध ४३ टक्के, हिशेबाअंती फरक १५ टक्के. दिवसाचे साडेतीन तासांहून जास्त. हा फरक मला ०.४ पेक्षा जास्त पटतो. पैसा सेन्सर बनवणाऱ्या डेक्सकॉम कंपनीचा होता, ते पेपरात लिहिलेलं आहे. पण 'कंपनीचा पैसा' एवढं म्हणून पेपर फेकून देणं हा आळस झाला. कंपनीचा पैसा कुठला प्रश्न विचारायला लावतो आणि कुठला नाही, ते बघायला हवं.

न विचारलेला प्रश्न बघायला फार लांब जायला नको. मी कळंबोलीत राहते. इकडे स्टील मार्केट, तिकडे ट्रक टर्मिनल, आणि पुण्याला जाणारा एक्स्प्रेस-वे इथूनच सुटतो. समजा, इन्सुलिनवर असलेला पन्नाशीचा ड्रायव्हर आहे. रात्री गाडी काढतो, जेवण धाब्यावर, वेळ ठरलेली नाही. त्याच्यासाठी साखर वाढणं ही पुढची चिंता. आधीची चिंता म्हणजे घाटात साखर घसरणं. सेन्सर खरा कामाचा कोणाला, तर यालाच. पण तोच दंडावर डोकं टेकून केबिनमध्ये झोपला की सेन्सर दाबला जातो आणि नसलेली घसरण दाखवतो. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, हे इथल्या कुठल्याही माथाडीला न विचारता सांगता येईल. आणि लिब्रे सेन्सरची जी पहिली पिढी भारतात २०२० मध्ये थेट पेशंटच्या हातात आली, तिला अलार्मच नव्हता. फोन किंवा रीडर जवळ नेऊन स्कॅन केलं तरच आकडा. स्टिअरिंगवर बसलेला माणूस कधी स्कॅन करणार?

त्यात पैसे. एक सेन्सर साधारण चार-पाच हजारांच्या घरात, चालतो १४ दिवस. वर्षाला २६ लागतात, म्हणजे लाखाच्या वर. त्यामुळे इथे प्रत्यक्षात काय होतं? लोक एकदा लावून बघतात. मुलगा ऑनलाइन मागवून देतो, बाबा दोन आठवडे भाताने काय होतं आणि भाकरीने काय होतं ते कौतुकाने बघतात, मग सेन्सर संपतो. आठ महिने सलग वापरलेल्या सेन्सरचा निष्कर्ष या दोन आठवड्यांना लावायचा कसा?

यासाठी 'मोबाइल'चा पुढचा भाग वाचा. तोही २०२१ मध्येच, 'डायबेटीस केअर'मध्ये आला, पण त्याचा उल्लेख प्रपोजलमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही. आठ महिन्यांनंतर सेन्सरवाल्यांपैकी काहींचा सेन्सर मुद्दाम काढून घेतला आणि आणखी सहा महिने थांबले. त्यांचा टाइम इन रेंज सुरुवातीला ३८ टक्के होता, आठ महिन्यांनी ६२ झाला, काढून घेतल्यावर ५० वर आला. कमावलेल्या २४ पैकी १२ गेले. कोणी म्हणेल अर्धं टिकलं, म्हणजे माणूस काहीतरी शिकला. कोणी म्हणेल अर्धं सहा महिन्यांत गेलं, अजून सहा महिन्यांनी काय उरेल? दोन्ही वाचनं शक्य आहेत. पण हे आठ महिन्यांच्या सवयीनंतरचं आहे हे विसरू नका. १४ दिवसांनंतर काय टिकतं, याचं उत्तर या ट्रायलमध्ये नाही. आणि कळंबोलीतच काय, महाराष्ट्रात कुठेही बहुतेकांसाठी खरा प्रश्न तोच आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला आपल्याकडच्या प्रपोजलमध्ये खटकते. मुख्य मोजमाप म्हणून डोळे मिटून एचबीए१सी घेतात. ते लाल पेशींवर अवलंबून असतं. लोहाच्या कमतरतेने ते खोटं वर दिसू शकतं, पेशी लवकर फुटत असतील तर खोटं खाली. एनएफएचएस-५ प्रमाणे महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल आहे, उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त. अशा ठिकाणी सेन्सर हा चैनीचा नाही, कदाचित जास्त खरं सांगणारा मार्ग आहे. सेन्सरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा, आणि नेमका तोच आपण लिहीत नाही. निदान हिमोग्लोबिन तरी मोजा. खर्च किती येतो!

तर तुमच्या डिझाइनमध्ये मला काय बघायला आवडेल? एका गटाला वर्षात चार वेळा १४ दिवसांचा सेन्सर. दुसऱ्या गटाला तेवढ्याच भेटी, तेवढेच फोन आणि भरपूर स्ट्रिप्स, फुकट. भेटींची संख्या सारखी नसेल तर तुम्ही सेन्सर नव्हे, माया मोजताय. मुख्य मोजमाप शेवटचा सेन्सर काढल्यावर तीन महिन्यांनी, लावलेला असताना नाही, आणि दोन्ही गटांना तेव्हा झाकलेला सेन्सर, 'मोबाइल'सारखा. ड्रायव्हर किंवा माथाडी घेणार असाल तर किती सेन्सर वेळेआधी निघून पडले, हा आकडा परिशिष्टात न ढकलता पहिल्या तक्त्यात.

आणि संमतीपत्रात एक ओळ साध्या मराठीत लिहा: अभ्यास संपल्यावर सेन्सरचा खर्च कोण करणार. एथिक्स कमिटीने विचारण्याची वाट बघू नका. पेशंट पहिल्याच दिवशी विचारतो.