खेळ, जागा आणि सेवा : ‘हेलो २’च्या ऑनलाइन अंगाचा एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

संगणकीय खेळ हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अद्याप काहीशा संकोचानेच मान्य केली जाते. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि माध्यमविद्या या शाखांनी त्याची दखल घेतली ती मुख्यतः व्यसन, हिंसा आणि बाजारपेठ या अंगांनी. खेळ ही एक रचना आहे, तिला स्वतःची अशी घडण आहे आणि म्हणून ती समीक्षेचाही विषय आहे, ही भूमिका तुलनेने विरळ आढळते. प्रस्तुत लेखात या भूमिकेतून एका खेळाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. तो खेळ म्हणजे बंजी या अमेरिकन स्टुडिओने घडविलेला आणि मायक्रोसॉफ्टने ९ नोव्हेंबर २००४ रोजी एक्सबॉक्स या यंत्रासाठी प्रकाशित केलेला ‘हेलो २’. आणि ते अंग म्हणजे त्याची ऑनलाइन बहुखेळाडू व्यवस्था.

येथे दोन संज्ञांचा खुलासा अगत्याचा आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून केवळ खेळण्यासाठी वापरावयाच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. ज्या नेमबाजीच्या खेळात पात्राच्या डोळ्यांनीच जग दिसते, पात्र स्वतः दिसत नाही, तो फर्स्ट-पर्सन शूटर. आपल्या परिभाषेत त्याला प्रथमपुरुषी निवेदनाचा खेळ म्हणता येईल; मात्र त्यातील ‘मी’ सांगत नाही, तो पाहतो आणि नेम धरतो.

‘हेलो २’च्या एकट्याने खेळावयाच्या कथानकावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. ते ऐन उत्कर्षबिंदूवर तुटते, हा आक्षेप रास्तच होता. तथापि हा खेळ स्मरणात राहिला तो कथेमुळे नव्हे. अनोळखी माणसांना परस्परांसमोर आणून उभे करण्याची जी पद्धत त्याने रूढ केली, तीच त्याची खरी निर्मिती होय. त्याचे कथानक, त्याची रणांगणे, त्यातील शस्त्रे आजही तबकडीवर जशीच्या तशी आहेत. नाहीशी झाली ती नेमकी ही पद्धत. या विसंगतीचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका पडद्याचे चार तुकडे

कन्सोलवर अनेकांनी मिळून नेमबाजी खेळण्याची प्रथा खऱ्या अर्थाने लोकप्रिय केली ती रेअर या ब्रिटिश स्टुडिओच्या ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) या खेळाने. निन्टेन्डो ६४ या यंत्रावर एकाच पडद्याचे चार भाग होत आणि चौघे शेजारी बसून परस्परांवर गोळ्या झाडीत. प्रतिस्पर्धी कोठे आहे हे त्याच्या तुकड्याकडे तिरक्या नजरेने पाहून कळे. हा दोष होता, आणि तोच या खेळाचा प्राणही होता. पडद्याकडे चोरून पाहू नये, बुटक्या ऑडजॉबचे पात्र घेऊ नये, असे नियम खोलीतच ठरत, खोलीतच मोडले जात आणि त्यावरून होणारी भांडणेही खोलीतच मिटत. नियमांचा एक भाग यंत्रात आणि दुसरा माणसांत, अशी ती विभागणी होती.

पहिल्या ‘हेलो’ने (२००१) ही खोली थोडी रुंद केली. चार यंत्रे तारांनी जोडली की सोळाजण एकत्र खेळू शकत. पण त्यासाठी चार यंत्रे आणि चार दूरचित्रवाणी संच कोणाच्या तरी घरी उचलून न्यावे लागत. प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात वसतिगृहात एका मित्राच्या यंत्रावर याच मालिकेतील ‘हेलो ३’ असा चार तुकड्यांत खेळला आहे. कोणता तुकडा आपला, हेच पहिली दहा मिनिटे उमगत नसे. जिंकल्याचे आज काही आठवत नाही. कोण कोठे बसला होता, ते आठवते.

जुळणीची किमया

एक्सबॉक्समध्ये जाळ्याची तार जोडण्याची सोय मुळातच होती. १५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सेवा सुरू झाली तेव्हा वर्षभराच्या वर्गणीबरोबर बोलण्याचा हेडसेटही देण्यात आला. या सेवेला तिचे स्वरूप मात्र ‘हेलो २’ने दिले.

त्यापूर्वी वैयक्तिक संगणकावरील खेळांत सर्व्हरांची एक यादी पडद्यावर येई. प्रत्येक सर्व्हरला नाव असे, चालक असे, नेहमीची मंडळी असत. गावातल्या पारासारखी ती जागा होती; आपला पार कोणता, हे ज्याला त्याला ठाऊक असे. ‘हेलो २’ने ही यादीच काढून टाकली. खेळाडूने फक्त खेळाचा प्रकार निवडावयाचा. त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी शोधणे, रणांगण ठरविणे आणि सामना सुरू करणे ही कामे यंत्रणा करी. त्या त्या प्रकारात खेळाडूला १ ते ५० या श्रेणीत पातळी मिळे आणि तिच्या आधारे जुळणी होई. शिवाय चार मित्रांनी एकदा गट केला की सामना संपला तरी तो गट टिकून राही आणि सगळे एकत्रच पुढच्या सामन्यात जात. शेजारी बसण्याचा अनुभव तारेतून नेण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो कल्पक होता यात शंका नाही.

रॉजर कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धात्मक खेळांची अट सांगितली ती कृत्रिम समतेची. बाहेरच्या जगात माणसे विषम असतात. खेळात आरंभी त्यांना सम केले जाते, म्हणून विजयाला अर्थ येतो. या दृष्टीने ‘लॉकआउट’ हे ‘हेलो २’मधील रणांगण पाहण्यासारखे आहे. हिमाच्छादित दरीवर तोललेले मनोरे, त्यांना जोडणारे उतार आणि मधला उघडा चौथरा, इतकीच त्याची मांडणी. सर्वजण सारख्याच शस्त्रांनिशी अवतरतात. दुर्बिणीची बंदूक आणि ऊर्जेची तलवार ही प्रभावी शस्त्रे ठरलेल्या ठिकाणी असतात आणि ज्याला रणांगण पाठ आहे तो तेथे आधी पोहोचतो. खेळाडूची मिळकत म्हणजे त्याची स्मृती आणि त्याचा हात, याखेरीज काही नाही. रणांगणातील ही समता आणि प्रतिस्पर्ध्यांची तोडीस तोड जुळणी यांचा संयोग मला या रचनेचे सौंदर्यकेंद्र वाटतो.

तीन वर्षांनी आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ (२००७) या खेळाने हे केंद्र हलविले. तेथे खेळेल त्याला गुण, गुणांमागे पातळी, पातळीमागे नवी बंदूक किंवा नवी खुबी. ५५ पातळ्या पूर्ण झाल्या की सारे सोडून पुन्हा पहिल्या पातळीवर यावयाचे आणि बदल्यात नावापुढे एक चिन्ह मिळवावयाचे. असे दहा वेळा. नवखा आणि मुरलेला यांच्या हाती रणांगणात पाऊल टाकतानाच वेगळी साधने असतात. हा खेळ मालिकेतील श्रेष्ठ खेळांपैकी एक मानला जातो आणि त्याच्या गतीबद्दल ते योग्यही आहे. परंतु त्याने खेळाला नोकरीचे रूप दिले, सेवाज्येष्ठता आणि वेतनवाढ यांसह, असे माझे मत आहे. पुढील काळात बहुसंख्य निर्मात्यांनी अनुकरण केले ते याचे.

अर्थात ‘हेलो २’ची समता निर्दोष नव्हती. सामना चालविणारा मध्यवर्ती सर्व्हर त्यात नव्हता; जमलेल्या खेळाडूंपैकीच एकाचे यंत्र यजमान होई. यजमानाच्या गोळ्या विलंबाशिवाय लागत, इतरांच्या तारेचे अंतर कापून. काही महाभाग आपल्या मोडेमची कळ दाबून जोडणी क्षणभर रोखून धरीत. इतर सारे थिजत आणि यजमान एकटा हिंडत असे. खोलीत हे घडले असते तर शेजाऱ्याने हात धरला असता. येथे हात धरावयास शेजारी नव्हता. आवाजाचेही तसेच झाले. जवळ आलेल्या शत्रूचे बोलणे ऐकू यावे ही ‘हेलो २’मधील योजना नाट्यदृष्ट्या विलक्षण होती, भिंतीपलीकडची कुजबुज ऐकून डाव बदलता येई. पण त्याच वाटेने शिवीगाळ आली, वर्णद्वेष आला, आणि स्त्रीचा स्वर ऐकू येताच होणारी हेटाळणी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आठ मित्रांपुरते खासगी संभाषण शक्य झाले आणि अनेक खेळाडू तेथे निघून गेले. सार्वजनिक स्वर ओसरला. शिवीगाळ कमी झाली, आणि कुजबुजही गेली.

सेवा संपल्यावर

१५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने मूळ एक्सबॉक्सच्या खेळांसाठीची ऑनलाइन सेवा बंद केली. एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नव्हता. पण चालू सामना खेळाडूंच्याच यंत्रांवर उभा असल्यामुळे जे आत होते त्यांना लगेच बाहेर काढले गेले नाही. मूठभर खेळाडूंनी यंत्रे बंदच केली नाहीत. कोणाची जोडणी तुटली, कोणाचे यंत्र तापून बंद पडले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शेवटचा खेळाडूही बाहेर फेकला गेला. ज्या यजमान-पद्धतीला आपण वर दोष दिला, तिनेच हे चार आठवडे दिले, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

नाटकाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. प्रयोग संपतो, संहिता उरते. बालगंधर्वांचा रंगमंचावरील वावर आपल्याला पाहता येणार नाही. पण नाटकांच्या संहिता आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, आणि तीच नाटके नव्या संचात उभी राहू शकतात. ‘हेलो २’च्या बाबतीत तबकडी ही संहिता मानली, तर त्या संहितेत जुळणीची व्यवस्था पूर्णपणे आलेलीच नाही. तिचा निम्मा भाग कंपनीच्या यंत्रांवर होता आणि खेळाडूंच्या हाती कधीच नव्हता. विकत घेतलेली वस्तू आणि वर्गणीने मिळालेली सेवा यांच्या सीमेवर ही कलाकृती उभी होती, आणि आपण काय विकत घेत आहोत हे ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. २०१४ साली ‘द मास्टर चीफ कलेक्शन’ या संग्रहात ‘हेलो २’ पुन्हा प्रकाशित झाला आणि त्यात ऑनलाइन जुळणीही होती. मग नाहीसे झाले काय? आक्षेप गंभीर आहे. पण त्या संग्रहाच्या आरंभकाळात मोडली ती नेमकी जुळणीच. खेळाडू प्रतीक्षापटलावर ताटकळत राहिले आणि निर्मात्यांना क्षमायाचना करावी लागली. पुढे ती सुधारली. तथापि जुन्या पातळ्या, जुने संघ, सहा वर्षांत कोण कोणासमोर उभा राहिला त्याचा व्यवहार, हे काही त्यात आले नाही. दुसरे म्हणजे हे पुनरुज्जीवन निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून होते. जेथे ती मर्जी नसते तेथे खेळ जातो, एवढेच. ‘हेलो ३’ने २००७ साली सामन्यांचे चित्रण साठवून ठेवण्याची सोय दिली होती, समीक्षकाला उद्धृत करता येईल असे काही प्रथमच हाती आले होते. पण ते चित्रण खेळातच उघडत असे, आणि एक्सबॉक्स ३६० वरील ‘हेलो’ मालिकेच्या सेवाही १३ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

दरम्यान खोलीचे काय झाले? ‘हेलो ५ : गार्डियन्स’ (२०१५) मध्ये पडद्याचे तुकडे करण्याची सोयच नव्हती. नाराजी इतकी झाली की निर्मात्यांना ती परत देण्याचे आश्वासन द्यावे लागले. ‘हेलो इन्फिनिट’च्या (२०२१) स्पर्धात्मक भागात ती परत आली, कथानक एकाच पडद्यावर मिळून खेळण्याची सोय मात्र २०२२ मध्ये रद्द करण्यात आली.

मूळ ‘हेलो २’ची तबकडी आजही चालते. पडद्याचे चार तुकडे होतात, आणि तारेने यंत्रे जोडण्याचा मार्गही उघडा आहे. उत्साही मंडळी त्या तारेला संगणकावरील आज्ञावलीची जोड देऊन दूरच्या शहरांतील यंत्रेही एकमेकांना जोडतात. चार यंत्रे आणि चार संच एका खोलीत आणले, तर ‘लॉकआउट’वर आजही सोळाजण उतरू शकतात. त्या सोळांपैकी कोण कोणाच्या तोडीचा, हे मात्र पूर्वीसारखे त्यांनाच ठरवावे लागते.