न पाहिलेल्या मित्राचे सुतक

सुतक कुणी किती दिवस पाळायचे याचा हिशेब आपल्या घरांत चोख असतो. दहा दिवसांचे भाऊबंद वेगळे, तीन दिवसांचे सोयरे वेगळे. मित्र या हिशेबात बसत नाही. त्याने स्मशानातून यावे, अंघोळ करावी आणि कामाला लागावे. त्यातून तो मित्र ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही, केवळ अक्षर ओळखीचे, असा असला तर विचारायलाच नको! त्याच्यासाठी डोळे पुसणाऱ्याला घरचीच मंडळी विचारतील, ‘अहो, पण तो तुमचा कोण?’

या ‘कोण’ शब्दाशी झुंजणारे एक चिमुकले पुस्तक आहे. हेलीन हॅन्फ या अमेरिकन लेखिकेचे ‘८४, चेअरिंग क्रॉस रोड’. ते १९७० साली निघाले. पुरती शंभर पानेही नाहीत आणि त्यांत पत्रांखेरीज काही नाही. इंग्रजी इतके सरळ की माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरालाही कोश फारसा उघडावा लागत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. हेलीनबाई न्यूयॉर्कमध्ये एकट्या राहून नाटके आणि पुढे टेलिव्हिजनसाठी संहिता लिहीत. कमाई बेताची, पण हौस मात्र जुन्या इंग्रजी ग्रंथांची. एका साप्ताहिकातली जाहिरात वाचून त्यांनी ५ ऑक्टोबर १९४९ रोजी लंडनच्या ‘मार्क्स अँड कंपनी’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला मागणीचे पत्र धाडले. उत्तर आले ते नुसत्या आद्याक्षरांच्या सहीचे. ती आद्याक्षरे फ्रँक डोएल या नोकराची. तेथून वीस वर्षे पत्रे चालली आणि त्या वीस वर्षांत दोघांची एकदाही गाठ पडली नाही.

आता यात वाचण्याजोगे काय? आहे ते स्वभावात. बाई फटकळ. पुस्तक यायला उशीर झाला की दुकानदाराला पत्रातून फैलावर घेणार, भाषांतर पसंत पडले नाही की आकांडतांडव करणार. फ्रँकसाहेब अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांची पत्रे इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी. दुकानाच्या दप्तरात नक्कल राहते, म्हणून प्रत्येक शब्द मोजून. ‘मिस हॅन्फ’ वरून ‘हेलीन’ वर यायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला! कादंबरी लिहिणाऱ्याला हे पाहून हेवा वाटतो. मायना बदलला एवढीच घटना, पण ते पान वाचताना आपण सावरून बसतो.

आणि मग त्या खाऊच्या पेट्या. महायुद्ध जिंकूनही इंग्लंडात रेशनिंग १९५४ पर्यंत रेंगाळले. अंडी आणि मांस म्हणजे चैन. हे कळताच बाईंनी नाताळासाठी दुकानातल्या मंडळींना सहा पौंडांचा हॅम धाडला. धाडल्यावर ध्यानात आले की मालकांची नावे तर ज्यू दिसतात, त्यांना डुकराचे मांस कसे चालेल? लगेच दुसरे काही पाठवू का, अशी विचारणा! सोवळ्याच्या घरी चुकून अंड्यांची करंडी गेल्यावर आपल्याकडे जी घालमेल होईल, तीच ही. पुढे दुकानातल्या मुली फ्रँकच्या नकळत बाईंना पत्रे लिहू लागल्या, फ्रँकची बायको नोरा लिहू लागली. त्यांच्या शेजारच्या एका वृद्धेने भरतकाम केलेले मेजावरचे कापड अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेले. व्यवहार पुस्तकांचा राहिलाच, पण भोवती एक घर उभे राहिले.

काही रसिक या पुस्तकाला छुपी प्रेमकथा म्हणतात. मला हे वाचन आळशी वाटते. स्त्री आणि पुरुष यांच्यात जिव्हाळा दिसला की त्याला एकच नाव द्यायचे, ही सवय आपल्या कादंबऱ्यांनीच लावली आहे (त्यात माझ्याही आल्या). नोराला मात्र ते नाव ठाऊक होते आणि तिने ते वापरले नाही. नवरा गेल्यावर तिने हेलीनला जे पत्र लिहिले त्यात ती मोकळेपणाने सांगते की त्याला या पत्रांचा इतका आनंद होई की मला कधी कधी मत्सर वाटे. सौभाग्य गमावलेली बाई दुसरीला हे लिहिते, तेव्हा तिने त्या दुसरीचे सुतक मान्य केलेले असते. साऱ्या पुस्तकात मला सर्वांत मोठे वाटते ते हे पत्र.

आता मरणाविषयी. हेलीनबाईंनी ३० सप्टेंबर १९६८ ला एक पत्र लिहिले. त्याला उत्तर आले ८ जानेवारी १९६९ चे, दुकानातल्या चिटणीस बाईचे. फ्रँक २२ डिसेंबरला वारले. अपेंडिक्स फुटून पोटात विकार पसरला आणि आठवड्यात सारे संपले. पत्र सभ्य आहे, सहानुभूतीचे आहे आणि शेवटी विचारते की जेन ऑस्टिनची पुस्तके आपल्याला अजून हवी आहेत काय? एखाद्या कादंबरीकाराने हे वाक्य रचले असते तर आपण त्याला निर्दय म्हटले असते. पण दुकानाला दुसरे काय विचारता येणार? गिऱ्हाइकाचे नाते तेवढेच दप्तरात होते.

यानंतर हेलीनबाईंनी नोराला काय लिहिले ते पुस्तकात नाही. नोराच्या उत्तरावरून एवढेच कळते की लिहिले होते. एरवी जिच्या तोंडाला कुलूप नाही अशा बाईचे हे पत्र गाळलेले आहे आणि पुस्तकाचा तोल या रिकाम्या पानावर आहे. एप्रिलमध्ये लंडनला निघालेल्या मैत्रिणीला ती लिहिते तेव्हा दुकानाचे आपल्यावर किती ऋण आहे ते दोन ओळींत सांगून मोकळी होते. भेट का झाली नाही? पैसे नव्हते. १९५३ च्या राज्यारोहणाला जायचे ठरले होते, ते पैसे दातांच्या डॉक्टराकडे गेले. इतके क्षुल्लक कारण आयुष्यच देऊ शकते.

पुस्तकात उणीव नाही असे नव्हे. शेवटच्या दहा वर्षांत पत्रे विरळ होतात; वर्षाकाठी एखादे, कधी तेही नाही. वाचक तेथे थोडा उपाशी राहतो. आपल्याकडे सुनीताबाई देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ वाचलेल्यांना हे अधिक जाणवेल. सुनीताबाई पत्रातच विचार करतात, भांडतात, स्वतःला उलगडत जातात. हेलीनबाई विनोदाच्या आड राहतात.

कुणी म्हणेल, टपाल संपले, ही गोष्टही संपली. तसे नाही. २०२४ साली नॉर्वेचे दिग्दर्शक बेंजामिन री यांनी माट्स स्टेन या तरुणावर माहितीपट केला. इंग्रजीत त्याचे नाव ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’. माट्सला स्नायू क्षीण होत जाणारा आजार होता. १९८९ चा जन्म, २०१४ साली पंचविसाव्या वर्षी मृत्यू. चाकाच्या खुर्चीत बसून तो रात्रंदिवस संगणकावर खेळ खेळे आणि आईबाप मनात कुढत, की पोराला मित्र मिळाला नाही. तो गेल्याचे त्यांनी संगणकावरूनच कळवले आणि परदेशांतून सांत्वनपत्रांची रीघ लागली. खेळातल्या सोबत्यांपैकी काही अंत्यविधीला नॉर्वेत आले. ज्याला भाडे परवडेना त्याच्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढली.

चित्रपटात खेळातले प्रसंग जपून ठेवलेल्या संभाषणांवरून चित्रांत उभे केले आहेत. ती चित्रे मला जरा अधिकच गुळगुळीत वाटली. खऱ्या खेळाचा खडबडीतपणा त्यांत पुसला गेला आहे. मात्र माट्स फटकून वागला, सोबत्यांना दुखावले, हेही दिग्दर्शकाने लपवले नाही आणि त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. हॉलंडमधल्या एका मुलीचा संगणक घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा माट्सने तिच्या आईबापांना रीतसर पत्र लिहिले, हा भाग मुलांबरोबर बसून पाहावा. ‘तो तुझा कोण?’ हा प्रश्न येथे आईबापांच्या तोंडी आहे आणि उत्तर द्यायला मुलगा उरलेला नाही. मोबाइलवरून मुलांशी रोज वाद घालणाऱ्या आम्हा शिक्षकांना ते पाहणे सोपे गेले नाही.

हेलीनबाई अखेर १९७१ साली लंडनला पोहोचल्या. दुकान बंद झाले होते. १९८७ च्या इंग्रजी चित्रपटाने याच रिकाम्या दुकानापासून आरंभ केला आहे. अॅन बॅन्क्रॉफ्ट आणि अँथनी हॉपकिन्स यांची कामे सुरेख आहेत, पण हा आरंभ मला खटकतो. वियोग आधीच सांगितल्यावर त्या जानेवारीच्या पत्राचा घाव बोथट होतो. म्हणून पुस्तक आधी वाचावे. त्या प्रवासाची रोजनिशी बाईंनी ‘द डचेस ऑफ ब्लूम्सबरी स्ट्रीट’ या नावाने १९७३ मध्ये छापली. तीत नोरा भेटते, मुलगी भेटते, लंडन भेटते. गोड पुस्तक आहे, पण पहिल्याच्या पाठोपाठ हाती घेऊ नये. मध्ये चार दिवस जाऊ द्यावेत.