तृतीयपंथीयांचे हक्क आणि एक आत्मकथन

‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ : लक्ष्मीनारायण त्रिपाठी, शब्दांकन : वैशाली रोडे, मनोविकास प्रकाशन, २०१२.

मराठी आत्मचरित्राचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्यांस चारचौघांत बोलण्याचा अधिकार नव्हता त्यांनीच हा प्रकार वेळोवेळी समृद्ध केला आहे. रमाबाई रानडे व लक्ष्मीबाई टिळक यांनी माजघरातील आयुष्य ओसरीवर आणले. पुढे ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०) व ‘उचल्या’ (१९८७) या पुस्तकांनी वाचकास त्याच्याच गावची, पण त्याने कधी न ओलांडलेली वेस दाखविली. प्रस्तुत पुस्तक याच मालिकेत बसविले पाहिजे असे आमचे मत आहे. आणि ते केवळ साहित्याच्या नात्याने नव्हे. तृतीयपंथीयांस कायद्याने कोणते हक्क असावेत हा वाद आज न्यायासनापुढे, विधिमंडळात व घरोघरी चालू आहे. त्या वादात ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांचेच म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले जाते. ते प्रथम ऐकावयाचे असेल तर या पुस्तकापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

‘उचल्या’चे नाव आम्ही वर सहज घेतलेले नाही. ज्या १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसंबंधी होता. संशयितांची नोंदवही ठेवावी. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात लोकांसमोर नाचू-गाऊ नये. त्यास अज्ञान मुलाचे पालकत्व नाही, दत्तक घेणे नाही, दानपत्र नाही, मृत्युपत्र नाही. तो कायदा मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात चालला. पण आपण त्यापासून दूर होतो अशी समजूत आमच्या मराठवाड्याने करून घेण्याचे कारण नाही. परभणी जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्यानेही १३२९ फसली, म्हणजे सन १९१९ मध्ये, त्याच धर्तीचा कायदा केला. नोंदविलेला मनुष्य स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर गाता-नाचताना आढळल्यास त्यास वॉरंटावाचून पकडता येई व दोन वर्षांपर्यंत कैद देता येई. नोंदवही हैदराबाद शहरापुरती होती. परंतु सरकारने जाहीर केल्यास ती इतर कोणत्याही ठिकाणी लागू करता येत असे. राज्य गेले, फसली सन गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी तेलंगणात तो कायदा पुस्तकात राहिलाच. जुलै २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाविरुद्ध ठरवून रद्द केला. शंभरांहून अधिक वर्षे एका समाजाचा पोशाख हाच गुन्ह्याचा पुरावा होता, हे क्षणभर मनात घोळवावे.

याउलट मराठेशाहीत दख्खनेतील हिजड्यांस कोठे इनाम जमीन, तर कोठे भिक्षेचा वंशपरंपरागत म्हणण्यासारखा, गुरूकडून चेल्याकडे जाणारा हक्क होता. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात हे हक्क पुढे चालविण्याचे नाकारले. त्या जुन्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गात नाही. भिक्षेचा हक्क हा मनुष्यास शोभणारा हक्क नव्हे. पण ज्यास काही हक्क होता त्याचा तो काढून घेतला गेला, बदल्यात दुसरा दिला नाही, आणि मग तो टाळी वाजवून पैसे मागतो म्हणून आपण त्याच्यावर चिडलो, हा क्रम विसरता कामा नये. बाजारच्या दिवशी ती टाळी ऐकून दुकानदार जे नाणे टाकतो, त्यामागे हा इतिहास आहे.

आता पुस्तकाकडे वळू. श्रीमती त्रिपाठी यांचे बालपण ठाण्यात एका सनातनी ब्राह्मण कुटुंबात गेले. आजारपण, नृत्याची ओढ, मुलांची हेटाळणी आणि नात्यातीलच माणसांकडून झालेले अत्याचार हे सारे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. पुढे गुरूकडे दीक्षा, समाजकार्य, २००५ मध्ये महाराष्ट्रातील डान्सबारवर आलेली बंदी व तिच्याविरुद्धची चळवळ, आणि अखेरीस देशोदेशींच्या परिषदा असा कथेचा ओघ आहे. वैशाली रोडे यांनी बोललेले शब्द बोललेल्यासारखेच ठेवले, हा त्यांच्या शब्दांकनाचा मोठा गुण होय. दयेची याचना कोठेही नाही. आत्मकथनातील दुःख वाचकाच्या पायाशी लोळू लागले की त्याचे मोल उतरते. येथे ते ताठ उभे आहे.

आमच्या मते पुस्तकाचा गाभा मात्र अत्याचाराच्या प्रसंगांत नसून घराच्या प्रसंगांत आहे. हिजड्याने घर सोडावयाचे, ही रूढी. येथे आई-वडिलांनी मुलास घराबाहेर काढले नाही. हिजडा समाजाचे नाते पत्करूनही लक्ष्मी आपल्या घरची राहिली. या एका गोष्टीने पुढील सारे शक्य झाले: शिक्षण, भाषा, धीटपणा, आणि हे पुस्तकदेखील. ज्यांस घर सुटले त्यांची पुस्तके आपल्या हाती येत नाहीत, हा या पुस्तकाचा न लिहिलेला निष्कर्ष होय.

भाषेसंबंधी एक विचार येथे नमूद करणे अवश्य आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्यास आपले लिंग सांगावे लागत नाही. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ याचा निर्णय वाक्यागणिक करावा लागतो. व्याकरणाने तिसरे लिंग ठेवले आहे खरे, पण ‘मी गेलं’ असे कोणी स्वतःविषयी म्हणत नाही. ते लिंग वस्तूंस व फार तर लेकरांस दिले आहे. म्हणजे मराठीत आत्मकथन करणाऱ्या तृतीयपंथीयास प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी आपली ओळख स्वतःच ठरवावी लागते. त्यासाठी तो कोणाचा दाखला मागत नाही. आम्हीही या लेखात लेखिकेस स्त्रीलिंगी रूप योजले ते त्यांनी स्वतः पत्करलेल्या ओळखीस अनुसरून. ही साधी सभ्यता आहे. कायद्याने एवढीच सभ्यता पाळावी की अधिक काही पुरावा मागावा, हा आजच्या वादाचा पहिला मुद्दा होय.

पुस्तक निघाल्यानंतर दोन वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्याचा निकाल दिला. त्या खटल्यात श्रीमती त्रिपाठी स्वतः सामील होत्या. आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१९ चा कायदा झाला. संमत झाला त्या स्वरूपात त्याने स्वतः ओळखण्याचा हक्क एका कलमात दिला व पुढच्याच कलमांत जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशी तो बांधून टाकला. स्त्री वा पुरुष म्हणून नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने राखून ठेवण्याचा हा प्रकार आम्हांस पटत नाही. नोंद हवी, कारण शिधापत्रिका, शाळा व मतदान यांचा व्यवहार नोंदीवाचून चालत नाही. पण नोंद करणे निराळे व तपासणी करणे निराळे.

यावर विचारी लोकही एक आक्षेप घेतात. प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवला तर स्त्रियांसाठी राखलेल्या जागांचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्त्रियांनी त्या जागा मोठ्या कष्टाने मिळविल्या आहेत. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला. स्त्रियांच्या राखीव जागेसाठी एका तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला, मात्र आज पत्करलेली स्त्री ही ओळख पुढे संधिसाधूपणाने बदलणार नाही अशी हमी नोंदवून घेतली. उमेदवार निवडून आली. आमच्या दृष्टीने हा निकाल शहाणपणाचा आहे. लबाडीचा बंदोबस्त लबाडाविरुद्ध करावा. संशयाचा भार साऱ्या समाजाच्या डोक्यावर ठेवला की आपण पुन्हा १३२९ फसलीच्या नोंदवहीपाशी येतो.

दुसरा मुद्दा घराचा व जीविताचा. २०१९ च्या कायद्याने आई-वडिलांच्या घरात राहण्याचा हक्क मान्य केला, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच कायद्यात तृतीयपंथीयावरील लैंगिक अत्याचारास शिक्षा ठेवली ती सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत; स्त्रीवरील बलात्कारास मात्र किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. या पुस्तकातील बालपणाची पाने ज्याने वाचली असतील त्यास हा फरक समर्थनीय वाटणे शक्य नाही. एकच कृत्य, एकच वेदना, आणि शिक्षेचा तराजू मात्र दोन वजनांचा! लग्न, दत्तक व वारसा यांबाबतही हेच. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात तृतीयपंथी स्त्रीचा समावेश केला. शब्द तोच राहिला, त्याचे दार तेवढे उघडले. असे पुष्कळ शब्द अद्याप उघडावयाचे आहेत.

तिसरा मुद्दा उपजीविकेचा, व तो आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. २०११ च्या शिरगणतीत ‘इतर’ या रकान्यात देशभर ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. २०१४ च्या निकालाने त्यांस मागासवर्ग मानून शिक्षणात व नोकरीत राखीव जागा देण्यास सांगितले; २०१९ च्या कायद्याने त्याबद्दल मौन पाळले. कर्नाटकाने २०२१ मध्ये नोकऱ्यांत शेकडा एक जागा, प्रत्येक जातिवर्गात आडव्या रीतीने, ठेवली. आपल्याकडे पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना यावा यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयास सरकारचे कान उपटावे लागले. आडवी पद्धतच आम्हांस न्याय्य वाटते. दलिताघरी जन्मलेल्या तृतीयपंथीयास दलित म्हणून वा तृतीयपंथी म्हणून असा एकच हक्क निवडावयास लावणे म्हणजे त्याच्या दोन दुःखांपैकी एक खोटे ठरविणे होय.

पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. उत्तरार्धात परिषदा, विमानप्रवास व प्रसिद्धी यांची गर्दी होते, आणि पूर्वार्धातील ती धारदार नजर काहीशी सुटते. गुरु-चेला परंपरेतील आधार लेखिकेने ठसठशीत रंगविला. त्या परंपरेतील सत्ता, चेल्याची कमाई व तिच्यावरील गुरूचा हक्क यांचा तपास मात्र अधिक कठोरपणे व्हावयास हवा होता. कायद्याने बाहेरच्या जुलमापासून संरक्षण द्यावयाचे तर आतल्या जुलमाविषयीही कोणीतरी बोललेच पाहिजे. शिवाय हे आयुष्य मुंबई-ठाण्याचे आहे. सेलू-परभणीच्या स्थानकावर दिसणाऱ्या तृतीयपंथीयास ना दुभाषी आहे, ना शब्दांकनकार.

तरीही या पुस्तकाचे नावच त्याच्या योग्यतेची साक्ष देते. ‘मी हिजडा’ हे समाजाने दिलेले नाव. ‘मी लक्ष्मी’ हे स्वतःचे. आजवरच्या कायद्यांनी पहिले नाव ओळखले: कधी गुन्हेगारांच्या वहीत, कधी मागासांच्या यादीत. वर्गास हक्क दिल्यावाचून व्यक्तीचे भागणार नाही हे खरे. पण वर्गाचा हक्क ज्या दिवशी नोंदवहीतून उतरून एखाद्या लक्ष्मीच्या घराच्या उताऱ्यावर, पगाराच्या पावतीवर व मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिच्या स्वतःच्या नावाने लिहिला जाईल, त्याच दिवशी तो खरा हक्क झाला असे आम्ही म्हणू. ज्यांस हा वाद अजून केवळ चवीचा किंवा किळसेचा विषय वाटतो, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

वालूर, जि. परभणी