सर्वांत तरुण कणाची साक्ष

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, भूविज्ञानाचा नव्हे. तरीही खडकांच्या कालनिर्णयाविषयी लिहिण्याचे धाडस तो करीत आहे, याचे कारण असे की पुराव्यावरून अनुमानाकडे जाण्याची वाट दोन्ही शास्त्रांत बरीचशी सारखीच आहे, आणि पाय घसरण्याच्या जागाही त्याच आहेत.

परीक्षणासाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतले आहे. तेथे पूर्वेस सिएरा नेव्हाडाचे ग्रॅनाइट, मध्ये ग्रेट व्हॅलीचे गाळाचे थर आणि पश्चिमेस किनारी पर्वतरांगेतील फ्रान्सिस्कन खडक असे तीन पट्टे एकमेकांशेजारी आहेत. सागरी कवच खंडाखाली शिरत असता जो ज्वालामुखी चाप निर्माण झाला त्याचे मूळ सिएरा नेव्हाडात उघडे पडले आहे. चाप आणि सागरी गर्ता यांच्या मधील अग्रचाप द्रोणी म्हणजे ग्रेट व्हॅली, आणि गर्तेत साचून चिरडलेला माल म्हणजे फ्रान्सिस्कन. डिकिन्सन व रिच यांनी १९७२ मध्ये ग्रेट व्हॅलीच्या वालुकाश्मांतील घटकांवरून चापाच्या झिजेचा क्रम वाचून दाखविला, तेव्हापासून ही द्रोणी पाठ्यपुस्तकांतील आदर्श ठरली आहे.

या द्रोणीचा आरंभ केव्हा झाला? तळाच्या थरांत बुकिया नावाच्या शिंपल्याचे जीवाश्म सापडतात. त्यांवरून हे थर जुरासिक कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे टिथोनियन, मानले जात. २००६ मध्ये सर्पलेस, ग्रॅहम, कोव्हॉल्ट व वूडेन यांनी या मताला धक्का दिला. सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातून घेतलेल्या सात नमुन्यांत त्यांना क्रिटेशस वयाचे वीस झिरकॉन कण मिळाले. थरात असलेला कण थराहून जुनाच असणार. यास्तव थर क्रिटेशस ठरतात, आणि त्यांच्या खालचे ओफिओलाइट व हे थर यांच्यामध्ये काळाचा मोठा खंड पडतो.

झिरकॉनचे महत्त्व त्याच्या घडणीत आहे. स्फटिक बनताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेत नाही. म्हणून पुढे त्यात जे शिसे आढळते ते बहुतांशी युरेनियमच्या विघटनाचे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, आणि युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळे चालतात व ती एकमेकांस तपासतात. भाषाशास्त्रज्ञाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. मॉरिस स्वादेश यांनी किरणोत्सर्गी कार्बनच्या धर्तीवर शब्दांच्या ऱ्हासाचा स्थिर वेग गृहीत धरला होता. बेर्गस्लंड व फोग्ट यांनी १९६२ मध्ये भाषाभाषांतील वेग भिन्न असल्याचे दाखवून तो आधार काढून घेतला. झिरकॉनच्या बाबतीत वेगाविषयी तशी शंका नाही. प्रश्न आहे तो साक्षीच्या अर्थाचा.

पोथीचे उदाहरण घेऊ. एखाद्या पोथीत फारसी शब्द आढळला तर ती पोथी फारसीच्या संपर्काआधीची नव्हे, एवढे सिद्ध होते. ती संपर्कानंतर लगेच लिहिली गेली, की तीनशे वर्षांनी, हे त्या शब्दावरून कळत नाही. शिवाय तो शब्द मूळ कर्त्याचा नसून नकलकाराचा असू शकतो. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, तर एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले ते शके १५०६ मध्ये. मधल्या काळात पाठ किती बिघडला होता याची साक्ष त्या उद्योगातच आहे.

झिरकॉनलाही हेच दोन्ही धोके आहेत. चाप शांत असेल तर द्रोणीत नवे कण येत नाहीत, आणि सर्वांत तरुण कण थराहून पुष्कळ जुना असू शकतो. सिएरा नेव्हाडात ग्रॅनाइटची निर्मिती एकसारखी झालेली नाही. जुरासिकच्या उत्तरार्धातील व क्रिटेशसच्या उत्तरार्धातील भरतींच्या मध्ये ओहोटी आहे. उलट कणातून शिसे निसटले असेल तर तो खोटाच तरुण दिसतो. हा नकलकाराचा हस्तक्षेप होय. म्हणून एकट्या कणावर न विसंबता एकमेकांशी जुळणाऱ्या दोन-तीन कणांचा समूह घ्यावा, ही पद्धत डिकिन्सन व गेहरेल्स यांनी २००९ मध्ये तपासून पाहिली. सर्पलेस प्रभृतींचे वीस कण सात ठिकाणी विखुरलेले आहेत, ही त्यांच्या प्रतिपादनाची खरी बळकटी आहे.

आमचा आक्षेप त्यांच्या आकड्यांवर नाही, नावावर आहे. 'क्रिटेशस' हे जीवाश्मांवरून आखलेल्या श्रेणीतील नाव होय. वर्षांचा आकडा त्यास मागाहून जोडला जातो. जुरासिक व क्रिटेशस यांच्या सीमेसाठी सर्वमान्य मानक छेद अद्याप ठरलेला नाही. २००४ च्या कालमापनात ही सीमा १४५.५ दशलक्ष वर्षांवर होती, तीही चार दशलक्ष वर्षांच्या अनिश्चिततेसह. २०२० च्या कालमापनात ती १४३.१ वर आली. म्हणजे १४४ दशलक्ष वर्षांचा कण २००६ मध्ये क्रिटेशस म्हणवला असता, आज तोच जुरासिक म्हणावा लागेल. कण तोच, वय तेच, नाव मात्र पालटले. शिवाय आयन-शलाकेने केलेल्या एकेका मोजणीत एक-दोन टक्के अनिश्चितता सामान्य असते. या वयात ती दोन-तीन दशलक्ष वर्षांची भरते. तेव्हा सीमेलगतच्या कणावरून बुकियाला खोटे ठरविणे घाईचे होईल.

मग निष्कर्ष कोसळतो काय? नाही. ओफिओलाइटचे वय सुमारे १६५ ते १७० दशलक्ष वर्षे आहे. ते व वरच्या थरांतील कण यांमधील अंतर आकड्याआकड्यांतले आहे, त्यास कालखंडाच्या नावाची गरज नाही. द्रोणी उशिरा भरू लागली हे विधान टिकते. ती 'क्रिटेशस' आहे हे विधान सीमेबरोबर हलते. दोन्ही विधाने एकाच वाक्यात गुंफल्याने दुर्बळ विधानाची शंका सबळावर येते.

शेवटी परिभाषेविषयी. अशा वयाला 'निक्षेपणाचे कमाल वय' म्हणण्याची रूढी आहे. विद्यार्थी 'कमाल' विसरतो आणि 'वय' लक्षात ठेवतो. पुढील लेखात तेच थराचे वय म्हणून अवतरते. त्याऐवजी 'ज्येष्ठतेची मर्यादा' म्हणावे असे आम्ही सुचवितो. थर याहून जुना नाही, एवढेच कणाने सांगितले आहे. न सांगितलेले त्याच्या तोंडी घालणे हा साक्षीचा विपर्यास होय, मग साक्षीदार शब्द असो वा स्फटिक.