नावेतून दिसणारा कळस

चंद्रभागेतील नौकाविहाराच्या वर्णनांचा एक साचा मराठीत ठरून गेला आहे. भीमा पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. पुंडलिकाच्या देवळाजवळून लाकडी होडी निघते, एकेक घाट मागे पडतो आणि गोपाळपुराच्या बाजूला विष्णुपदाचे देऊळ येते. पाणी संथ, कळस तेजस्वी, लेखकाचे मन शांत. मी सोलापुरात महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. असे ललित लेख वर्गात शिकवताना मला दोन प्रश्न पडतात. ते आवडीनिवडीचे नाहीत, समीक्षेचे आहेत.

पहिला प्रश्न अंतराचा. होडीतून देऊळ दूर दिसते, म्हणून ते सुंदर दिसते, अशी या लेखांची धारणा असते. पण पंढरपुरात अंतर हा शतकानुशतके एक नियम होता. चोखोबांची समाधीदेखील महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते कोसळून चोखोबा गाडले गेले. ज्याच्याबरोबर विठ्ठलाने ढोरे ओढली असे कथा सांगते, त्याला त्याच विठ्ठलाच्या उंबरठ्याआत पाऊल ठेवता आले नाही. वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडत. महाद्वाराशी आले की जात आठवे. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार उघडण्याची वाट मोकळी झाली. तोवर दुरून कळस पाहून हात जोडणे ही एका मोठ्या समूहावरची सक्ती होती. पैसे मोजून घेतलेले अंतर आणि जन्माने लादलेले अंतर, दोन्हींतून कळस तोच दिसतो. पण या दोन पाहण्यांना एकच सौंदर्यानुभव कसे म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, ललित लेखाकडून इतिहासाची अपेक्षा का करता? अपेक्षा मी करीत नाही. इतिहास लेखकच आणतो. ‘प्राचीन’, ‘पुरातन’, ‘शतकांचे साक्षीदार’ हे शब्द त्याचेच. शतकांची साक्ष काढायची आणि त्या शतकांत दाराबाहेर कोण उभे होते ते गाळायचे, हा अर्धा इतिहास झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. दाराबाहेरची ती माणसे त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर आणली.

दुसरा प्रश्न माझा नाही, तो एका विद्यार्थिनीचा आहे. लेख वाचून झाल्यावर तिने विचारले, “सर, ही होडी आपोआप चालते का?” वर्ग हसला, पण प्रश्न नेमका होता. साडेतीन पानांच्या त्या लेखात वल्हे मारणारा माणूस कुठेच नव्हता. आपल्या परंपरेत संसार हा सागर, नाम ही नाव आणि देव हा तारणारा. या रूपकाने नावाड्याचे काम उचलले आणि नावाड्याला काठावर सोडले. रामाला गंगापार करणाऱ्या निषादराज गुहाची भक्ती कीर्तनात रंगवून सांगितली जाते. त्याची नदी, त्याची मासळी, त्याची उतराई यांची चौकशी कोणी करीत नाही. पंढरपुरात होड्या चालवणारा कोळी समाज हा त्या नदीचा जुना हक्कदार आहे. पुंडलिकाच्या देवळातील पूजाही परंपरेने त्याच्याकडे. लेखात तो आलाच तर रापलेला, भोळा, गाणे म्हणणारा असा येतो.

शिवाय ज्या संथ पाण्याचे एवढे कौतुक, ते १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यापासून धरणातून किती पाणी सुटते यावर अवलंबून आहे. पाणी सुटले नाही तर होडी वाळूत बसते आणि त्या दिवसाची कमाई बुडते. हे सौंदर्याच्या बाहेरचे म्हणून सोडून देता येईल काय?

मंदिर आज सर्वांना खुले आहे. १९७३ च्या कायद्याने आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपले. कायदा पुढे गेला. वर्णनाची भाषा जुन्याच घाटावर बसून आहे. आपल्याच जिल्ह्यातील शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून सत्य-शिव-सुंदर या मापालाच हात घातला. ते माप आता पाठ्यपुस्तकातल्या साध्या लेखालाही लावले पाहिजे. आणि आपल्या साहित्यालाही: आपण गावकुसाबाहेरचे जग लिहिले, पण शेजारच्या काठावरचा कोळी आपल्याही पानांत फारसा उतरलेला नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवतो. असा लेख अभ्यासक्रमात असेल तर तो वगळू नका. तो शिकवा आणि मुलांना तोच प्रवास पुन्हा लिहायला सांगा: एकदा वल्ह्याच्या बाजूने, एकदा महाद्वाराच्या बाहेरून. कळस कोणाला किती अंतरावरून दिसतो, हे त्या दोन वह्यांत आपोआप कळेल.