मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट आणि पुनरुत्थानाची श्रद्धा

पुनरुत्थानाविषयीची चर्चा बहुधा ‘ते घडले की नाही’ या एकाच प्रश्नापाशी येऊन अडते. प्रश्न गैर नाही. परंतु ज्या संहितांच्या आधारे तो विचारावयाचा, त्या काय सांगतात आणि कशाविषयी मौन पाळतात, हे आधी पाहिले पाहिजे.

मार्ककृत शुभवर्तमान हे चारांपैकी सर्वांत जुने, इ. स. 70 च्या सुमाराचे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याच्या सोळाव्या अध्यायात तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेपाशी येतात. तोंडावरची धोंड लोटलेली असते. आत बसलेला शुभ्रवस्त्रधारी तरुण त्यांना सांगतो की, येशू उठला आहे आणि शिष्यांना तो गालीलात भेटेल. स्त्रिया थरथरत पळत सुटतात व भीतीमुळे कोणालाही काही सांगत नाहीत. सिनाई आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातील हस्तलिखिते येथेच, आठव्या वचनापाशी, थांबतात. पुढची बारा वचने मागाहून जोडलेली आहेत, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. मूळचे अखेरचे पान हरवले असावे, असेही काहींचे मत आहे. पण उपलब्ध संहितेलाच प्रमाण मानावयाचे, तर उठलेला येशू मार्कच्या वाचकाला एकदाही दिसत नाही. स्त्रियांप्रमाणे त्याच्याही हाती केवळ एक निरोप राहतो.

किंबहुना प्रत्यक्ष उत्थानाचे वर्णन चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. ते आहे इजिप्तमधील अख्मीम येथे 1886-87 मध्ये सापडलेल्या, पेत्राच्या नावावर मोडणाऱ्या अमान्य ग्रंथात. तेथे पहाऱ्यावरचे शिपाई व यहुदी वडीलजन सारा प्रकार डोळ्यांनी पाहतात, आणि कबरेतून बाहेर येणारा क्रूस चक्क बोलतो! संशयाला जागाच उरू नये, अशी ही तजवीज आहे. आणि नेमकी तीच अविश्वसनीय वाटते.

आधुनिक संशयी मनाची अडचण रुडॉल्फ बुल्टमानने 1941 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ओळखली होती. त्याच्या मते पुनरुत्थान ही क्रूसानंतरची निराळी घटना नसून क्रूसाच्या अर्थाचीच अभिव्यक्ती होय. ही सोडवणूक मला फार सोयीची वाटते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदारांची यादी देतो, त्यांतील अनेक अद्याप हयात असल्याचे सांगतो, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा उपदेश फोल ठरेल, अशी जोखीम पत्करतो. ही यादी बुल्टमानला खुपली, यात नवल नाही. उलटपक्षी, पिंखास लापिडे या यहुदी विद्वानाने 1977 मध्ये पुनरुत्थान ही ऐतिहासिक घटना म्हणून मान्य केली, पण येशूला इस्राएलचा मसीहा मानले नाही. म्हणजे बुल्टमानने घटना सोडून श्रद्धा राखली, तर लापिडेने घटना स्वीकारून ख्रिस्ती श्रद्धा बाजूस ठेवली. पुरावा आणि श्रद्धा यांचा संबंध दोन्ही पक्षांचे वादपटू समजतात तितका सरळ नाही, हे एवढ्यावरून दिसते.

या संदर्भात मत्तयाच्या अखेरच्या अध्यायातील एक तपशील दुर्लक्षिला जातो. गालीलातील डोंगरावर अकरा शिष्य येशूला पाहतात आणि नमन करतात. तरीही काहींना संशय वाटतो. ते काही कोण, त्यांच्या संशयाचे पुढे काय झाले, हे मत्तय सांगत नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देताना येशूही त्यांना वेगळे काढीत नाही.