आभासी यंत्रातील कार्यमापन गणक : यजमान-पाहुणा संबंधाची एक समीक्षा

प्रोसेसरमध्ये किती घड्याळ-चक्रे लोटली, किती आज्ञा पूर्ण झाल्या, हवी ती माहिती कॅशमध्ये किती वेळा सापडली नाही, याची नोंद ठेवणारे हार्डवेअर गणक (काउंटर) संख्येने फारच मोजके असतात. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर हायपर-थ्रेडिंग चालू असता एका धाग्याच्या वाट्याला चार सर्वसाधारण आणि तीन निश्चित कामाचे गणक येतात. एकाच प्रोसेसरवर यजमान प्रणाली व पाहुणे आभासी यंत्र दोन्ही नांदू लागली, की या मोजक्या गणकांची मालकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात लिनक्समधील केव्हीएमने दिलेल्या दोन उत्तरांचा विचार केला आहे.

पहिले उत्तर अनुकरणाचे. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत 'पर्फ' ही मापनव्यवस्था आली. केव्हीएमने तिचाच आधार घेतला. पाहुण्याने गणक चालू करण्याची आज्ञा दिली की नियंत्रण यजमानाकडे जाते आणि यजमान त्याच्या वतीने एक पर्फ-घटना उभी करतो. यातील वारंवारच्या फेऱ्यांचा खर्च मोठा आहे, परंतु तो मुख्य दोष नव्हे. यजमानाच्या एखाद्या अग्रक्रमाच्या घटनेने गणक काबीज केला, तर पाहुण्याचा गणक मुकाट्याने थांबतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? साध्या प्रक्रियेला पर्फ निदान दोन कालावधी सांगते : घटना किती वेळ मागितली होती आणि प्रत्यक्षात किती वेळ मोजली गेली. त्यावरून प्रमाण लावता येते. पाहुण्याला मात्र खरा गणकच हाती असल्याचे भासवलेले असते. खऱ्या गणकापाशी 'मी मध्ये थांबलो होतो' असे सांगण्याची सोयच नाही. चुकीचा आकडा अचूक आकड्याच्याच वेषात येतो आणि त्यावर निष्कर्ष काढले जातात.

२०२४ च्या प्रारंभी केव्हीएमच्या विकासकांपुढे मांडलेली मध्यस्थ पद्धत याच्या उलट आहे. पाहुणे यंत्र चालू असेतोवर गणक त्याचेच. आत शिरताना त्याची मूल्ये भरायची, बाहेर पडताना जपून ठेवायची. याची किंमत यजमान मोजतो. पाहुणे यंत्र चालत असताना त्यात काय घडते, हे त्याला गणकांद्वारे पाहता येत नाही. पाहुण्याला न वगळणाऱ्या यजमानाच्या घटना आणि असे यंत्र एकत्र नांदू शकत नाहीत. नंतर येणाऱ्याला स्पष्ट नकार मिळतो.

या नकारालाच प्रस्तुत लेखक दुसऱ्या पद्धतीचा मोठा गुण मानतो. वेगाची चर्चा अधिक झाली, हा भाग वेगळा. तथापि अनेकांची यंत्रे एकाच सर्व्हरवर चालवून त्यांपैकी नेमके कोण प्रोसेसर अडवते हे शोधणाऱ्या व्यवस्थापकाचे हत्यार यात जाते. त्याच्यापुरती जुनी पद्धत, तिच्या मौनासकट, अद्याप उपयोगाची आहे.